जेनिफर एवढ्या उशिरा का रंगली?

चित्रपट रसग्रहणाच्या वर्गात ‘प्लेझंटव्हिल’ दाखवला की दिवे लागल्याबरोबर कोणी ना कोणी तोच प्रश्न विचारतं. गेल्या खेपेला तो बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी विचारला. “गावात स्त्री-पुरुष संबंध सुरू झाले आणि रंग आला, असं दिसतंय. मग ज्या पोरीनं हे सगळं सुरू केलं, ती इतका वेळ काळी-पांढरीच कशी राहिली?”

प्रश्न साधा आहे आणि अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. त्याला धरून चाललं तर सगळा सिनेमा उलगडतो. उत्तरापर्यंत पोहोचायला थोडी वाट चालावी लागेल. तेव्हा आधी त्या गावात जाऊन येऊ.

१. सगळं छान असलेलं गाव

हा अमेरिकन चित्रपट १९९८ सालचा. लेखक-दिग्दर्शक गॅरी रॉस. ‘बिग’सारख्या चित्रपटांचे पटकथाकार म्हणून त्यांचं नाव झालं होतं, दिग्दर्शनाची मात्र ही पहिलीच वेळ. डेव्हिड (टोबी मग्वायर) आणि जेनिफर (रीस विदरस्पून) ही नव्वदच्या दशकातली जुळी भावंडं. आईवडील विभक्त झालेले. डेव्हिड बुजरा, कोणात न मिसळणारा. पन्नासच्या दशकातल्या ‘प्लेझंटव्हिल’ नावाच्या एका कृष्णधवल मालिकेचं त्याला वेड, तिचे भागच्या भाग तोंडपाठ. जेनिफर त्याच्या अगदी उलट: फटकळ, मुलांच्या घोळक्यात रमणारी, पुस्तकाला न शिवणारी. एका संध्याकाळी दोघं रिमोटसाठी भांडतात, रिमोट फुटतो, आणि न बोलावता दारात आलेला टीव्ही दुरुस्तीवाला त्यांना एक नवाच रिमोट देऊन जातो. बटण दाबताच दोघं मालिकेच्या आत! आता ती पार्कर कुटुंबातली बड आणि मेरी सू. कपडे, कातडी, केस, सगळं राखाडी.

ही मालिका काल्पनिक आहे, पण तिच्या थोरल्या बहिणी खऱ्या होत्या. ‘फादर नोज बेस्ट’ १९५४ मध्ये सुरू झाली, ‘लीव्ह इट टू बीव्हर’ १९५७ मध्ये. वडील कामावरून घरी येतात, आईचा एप्रन इस्त्रीचा असतो, मुलांचं काही चुकलंच तर अर्ध्या तासात निस्तरतं. प्लेझंटव्हिल हे अशा घरांचंच गाव. तिथे पाऊस पडत नाही. बास्केटबॉलचा चेंडू कसाही फेकला तरी जाळीतच पडतो. अग्निशामक दलाचे जवान झाडावर अडकलेली मांजरं तेवढी उतरवतात, कारण आग म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नाही. ग्रंथालयातल्या पुस्तकांची पानं कोरी. वर्गात मेरी सू विचारते, गावाच्या बाहेर काय आहे? बाईंना प्रश्नच कळत नाही. मुख्य रस्ता जिथे संपतो तिथूनच तो पुन्हा सुरू होतो, इतकाच त्यांचा भूगोल.

इथे कोणी कोणावर जुलूम करत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. माणसं सुखी आहेत. वेगळं काही करता येतं ही कल्पनाच तिथे जन्मलेली नाही.

२. रंगांचा शब्दकोश का चालत नाही

लाल म्हणजे प्रेम, हिरवा म्हणजे मत्सर, पांढरा म्हणजे पावित्र्य, अशा याद्या सगळीकडे मिळतात. त्या हातात घेऊन सिनेमा बघायला बसलं की हमखास फसगत होते.

लाल रंगच घ्या. आपल्याकडे कुंकू लाल, सौभाग्याची खूण. आणि केशवपन केलेल्या विधवेला जे आलवण नेसावं लागे, तेही लालच. एकाच वाड्यात, एकाच काळात, एकाच रंगाचे दोन टोकांचे अर्थ. कपाळावरचा लाल सांगायचा की हिचा नवरा आहे. तेच लाल अंगभर आलं की कळायचं, हिचा नवरा गेला. अर्थ रंगात नसतो. तो कोणी, कुठे, कशाच्या शेजारी वापरला, यावरून ठरतो.

सिनेमातही तसंच आहे. १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ओझ’मध्ये डोरोथीचं कॅन्ससमधलं घर तपकिरी छटेत दिसतं. वादळात उडालेलं घर जमिनीवर आदळतं, ती दार उघडते आणि बाहेर रंगीबेरंगी ओझ. तिथे रंग म्हणजे दुसरी जागा. ‘शिंडलर्स लिस्ट’मध्ये (१९९३) काळ्या-पांढऱ्या गर्दीतून एक लहान मुलगी जाते, तिचा कोट तेवढा लाल. हजारोंमधून एका जिवावर नजर खिळावी म्हणून तो रंग आहे. आणि आपला ‘मुघल-ए-आझम’ आठवा. १९६० मध्ये तो आला तेव्हा बहुतेक भाग कृष्णधवल होता. शीशमहालात अनारकली बादशहासमोर उभी राहून प्रेमाची कबुली देते, त्या गाण्याला पडदा रंगीत होत असे. २००४ मध्ये अख्खा चित्रपट रंगवून पुन्हा लावला. देखणा झाला, मला मान्य आहे. पण तो धक्का गेला. सगळंच रंगीत असल्यावर अनारकलीची हिंमत वेगळी कशी दिसणार?

म्हणून रंगाचा अर्थ शोधताना दोनच प्रश्न विचारावेत. रंग कोणाला आला? आणि त्याच्या अगदी आधी काय घडलं?

३. रंग काढायचा कसा

हे केलं कसं, हेही थोडक्यात बघू, कारण त्यात सिनेमाचं म्हणणं दडलंय.

बहुतेकांना वाटतं, काळ्या-पांढऱ्या फिल्मवर रंग भरले असतील. झालं ते उलट. प्लेझंटव्हिल गावातले सगळे प्रसंग रंगीत फिल्मवर चित्रित केले, मग ती फिल्म संगणकात घेतली आणि हवा तिथला रंग काढून टाकला. बाटिकमध्ये कापडाचा जो भाग मेणानं झाकतात तो रंगाच्या पाण्यातून वाचतो. तसंच इथे जे रंगीत ठेवायचं ते झाकलं आणि बाकीचं राखाडी होऊ दिलं.

काम केवढं? संगणकात उतरवलेल्या चौकटी होत्या सुमारे १,६३,०००. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी जातात. भागाकार केला तर साधारण ६,७९० सेकंद, म्हणजे ११३ मिनिटं. चित्रपट दोन तासांहून जरासा मोठा आहे. म्हणजे जवळजवळ सगळा सिनेमाच या चाळणीतून गेला. पाच सेकंदांचं एक दृश्य म्हणजे १२० चौकटी. त्यात रंगीत मुलगी काळ्या-पांढऱ्या मुलाच्या खांद्यावर डोकं टेकत असेल, तर तिचा गाल कुठे संपतो आणि त्याचा सदरा कुठे सुरू होतो, ही रेघ त्या १२० चौकटींत सांभाळायची.

आमच्या लहानपणी काळ्या-पांढऱ्या टीव्हीसमोर लावायचा एक रंगीत प्लास्टिकचा पडदा मिळायचा. वर निळा, खाली हिरवा, मध्ये पिवळसर-तांबूस पट्टा. बातम्या असोत की सिनेमा, वरचं सगळं निळं आणि पायाखालचं हिरवं. तो रंग बाहेरून लावलेला होता. वाघ आला काय आणि वकील आला काय, त्याला फरक पडत नसे. प्लेझंटव्हिलमधला लाल गुलाब सेटवर पहिल्यापासून लालच होता. त्याच्यावरचा राखाडीपणा तेवढा उचलला गेला. गावातल्या माणसांबद्दल हा चित्रपट हेच सांगतो, की रंग त्यांच्यात होताच.

४. पहिला गुलाब, घासलेलं काउंटर, पेटलेलं झाड

मेरी सू बनलेली जेनिफर बास्केटबॉल संघाच्या कप्तानाला, स्किपला, गाडीत घेऊन बसते. जे होतं त्याला त्या गावात नावच नाही. घरी परतताना स्किपला एक गुलाब दिसतो, लालभडक. स्किप स्वतः मात्र अजून राखाडीच आहे. आधी रंग येतो तो त्याला दिसलेल्या वस्तूला. जग वेगळं दिसणं आणि आपण वेगळं होणं या दोन पायऱ्यांत दिग्दर्शकानं अंतर ठेवलंय. पुढे कोणाच्या बबलगमचा फुगा गुलाबी होतो, चेंडू जाळीबाहेर पडू लागतात.

मला सगळ्यात आवडतो तो सोडा-फाउंटनवाला बिल जॉन्सन (जेफ डॅनियल्स). बड दुकानात यायचा, मग बिल पुढचं काम करायचा, असा त्याचा क्रम ठरलेला. एके दिवशी बडला उशीर होतो. बिल काउंटर पुसत असतो, आणि पुसतच राहतो. बड येऊन बघतो तर काउंटरवरचा थर निघून गेलाय. बिल तक्रार करत नाही, रागावत नाही. पुढचं काम कोणतं हे कोणी सांगितलं नाही, एवढीच त्याची अडचण. काही दिवसांनी तो पार्करांच्या दारात येऊन कौतुकानं सांगतो, की आज दुकान मी एकट्यानं बंद केलं आणि कामांचा क्रमही बदलला. एवढ्याशा गोष्टीनं त्याचा चेहरा उजळलेला असतो. मग हळूच कळतं, की नाताळात दुकानाच्या काचेवर चित्र काढायला मिळतं आणि त्या एका दिवसाची तो वर्षभर वाट बघतो. डेव्हिड त्याला ग्रंथालयातून चित्रांचं जाडजूड पुस्तक आणून देतो. त्यात मसाच्चोनं काढलेलं आदम-ईव्हचं चित्र आहे, बागेतून हाकलले जातानाचं. बिल ते पान रंगांत बघतो. मोठा माणूस, पण नजर पहिल्यांदा जत्रेत आलेल्या पोराची.

आदम-ईव्हची कथा सिनेमात पुढेही येते. मार्गारेट नावाची मुलगी झाडावरचं लाल सफरचंद तोडून डेव्हिडच्या हातात ठेवते. बायबलच्या रूढ वाचनात त्या फळानं माणसाचं वाटोळं झालं. इथे फळ घेतल्यावर पाऊस पडतो, आणि सकाळी गावावर इंद्रधनुष्य. टीव्ही दुरुस्तीवाला मात्र डेव्हिडला त्या फळावरून झापतो. स्वर्ग बिघडवल्याचा त्याला मनापासून संताप आहे.

पार्करांच्या घरातली आई म्हणजे बेटी (जोन ॲलन). तिचं प्रकरण सर्वांत धीट. शरीरसुख म्हणजे काय हे ती चक्क मुलीकडून ऐकून घेते. आणि तुझ्या वडिलांना असलं काही जमणार नाही, म्हणते. रात्री न्हाणीघरात ती एकटीच स्वतःच्या शरीराची ओळख करून घेते. भिंती-वस्तूंना रंग चढत जातात आणि दारातलं झाड भडकून पेटतं. डेव्हिड अग्निशामक केंद्रात जाऊन “आग, आग” ओरडतो, कोणी हलत नाही. शेवटी तो “मांजर!” ओरडतो तेव्हा बंब निघतो.

५. राखाडी चेहरा

या सिनेमातलं एकच दृश्य दाखवायची मुभा असती तर मी हे दाखवलं असतं.

स्वयंपाकघर. बाहेर नवरा हाका मारतोय, आणि बेटी पाठमोरी उभी आहे. डेव्हिड जवळ येतो. ती वळते. चेहरा रंगीत झालाय: गुलाबी गाल, तांबूस ओठ, ओले डोळे. अशी बाहेर कशी जाऊ, एवढंच तिला कळत नाही. एरवी आपण सिनेमात बाईला मेकअप करताना पाहतो ते रंग चढवण्यासाठी. इथे मुलगा मेकअपची डबी उघडतो आणि आईच्या गालावर राखाडी थापायला लागतो. हनुवटी, कपाळ, मान. जिथे जिथे हात फिरतो तिथला जिवंत रंग विझत जातो. तो हे फार मायेनं करतो, आणि म्हणून बघवत नाही. शेवटी ती आरशासमोर पुन्हा ‘बरी’ दिसते.

त्या मुलाला आपण खलनायक म्हणू शकत नाही. त्याला आई वाचवायची आहे. घरातलं माणूस वेगळं दिसू लागलं की जवळचे लोक आधी तेच करतात: चारचौघांत जाण्याआधी नीट झाकून देतात.

पुढे बेटी बिलच्या दुकानात जाते. तिला रडू येतं आणि अश्रूंनी राखाडी थर ओघळतो. खालची खरी त्वचा डोकावते. बिलला ती नीट बघायची असते. तो चेहरा पुसू लागतो, आणि ती पुसू देते. दोन दृश्यांत हालचाल तीच आहे, एक हात आणि एक गाल. पहिल्या वेळी हात झाकत होता.

६. आता जेनिफरकडे

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाला उत्तर देता येईल. गंमत म्हणजे जेनिफर स्वतःच हा प्रश्न सिनेमात विचारते. ती डेव्हिडकडे कुरकुर करते, की या पोरींनी एकदा काय केलं आणि त्या रंगल्या, मी तर त्यांच्या दसपट केलंय. डेव्हिडला वाटतं, कारण बहुधा वेगळं असावं.

स्किपसाठी गाडीतली ती रात्र अज्ञाताची होती. जेनिफरला ती रोजच्या सवयीची. तिच्या घरच्या जगात तिची जी भूमिका ठरलेली होती, तीच तिनं इथे येऊन पुढे चालवली. प्लेझंटव्हिलची माणसं पटकथेनुसार वागत होती, आणि जेनिफरही तिच्यापुरत्या एका पटकथेनुसारच वागत होती.

मग एका रात्री ती पुस्तक उघडते. लेखक डी. एच. लॉरेन्स. चष्मा लावते. खिडकीखाली स्किप येऊन बोलावतो. ती म्हणते, आज नको, मला वाचायचंय. पहाटेपर्यंत वाचते. सकाळी उठते तेव्हा ती रंगीत असते.

वर्गात इथे कोणीतरी म्हणतंच, म्हणजे अभ्यास करणाऱ्या मुली चांगल्या! नाही. बेटीला रंग आला तो देहाच्या ओळखीनं, बिलला चित्रांनी, जेनिफरला पुस्तकानं. गणितासारखं मांडायचं तर प्रत्येकासाठी विचारायचं, या माणसानं आजवर काय टाळलं होतं? डेव्हिडचं बघा. तो आयुष्यभर बघणारा, मध्ये न पडणारा. भर रस्त्यात टवाळ पोरं रंगीत बेटीला घेरतात, तेव्हा तो पुढे होऊन एकाला ठोसा मारतो, आणि त्याला रंग येतो. ठोशात रंग असता तर त्या गुंड पोरांना कधीच आला असता. दांडगाई तर ती करतच होती.

७. ‘कलर्ड’

मध्यापर्यंत गोड वाटणारा सिनेमा इथे बदलतो. दुकानांच्या काचांवर पाट्या लागतात: ‘कलर्ड’ लोकांना प्रवेश नाही. मराठी प्रेक्षक हे वाचून पुढे जातो. अमेरिकन प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. कारण ‘कलर्ड’ हा शब्द तिकडे काळ्या लोकांसाठी वापरला जाई. दक्षिणेकडच्या राज्यांत तो पाणपोया, प्रतीक्षालयं, सिनेमाची दारं यांवर कायद्यानं लिहिलेला असे. मालिकांमधली ती इस्त्रीची घरं ज्या वर्षांत दिसत होती, त्याच वर्षांत १९५५ ला माँटगोमेरीत रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत, आणि १९५७ ला लिटल रॉकमध्ये नऊ काळ्या मुलांना शाळेत पोहोचवायला सैन्य लागलं. टीव्हीवरच्या पन्नासच्या दशकात यातलं काहीच नव्हतं.

गावकरी पुस्तकं जाळतात. महापौर बिग बॉब आचारसंहिता काढतो: ग्रंथालय बंद, छत्र्या विकायच्या नाहीत, पलंग ३८ इंचांहून रुंद नको, रंग वापरायचे तर काळा, पांढरा आणि राखाडी. गाणी कोणाची ऐकायची हेही ठरलेलं. बिल आणि डेव्हिड पोलीस ठाण्याच्या भिंतीवर भलंमोठं रंगीत चित्र काढतात आणि त्यांच्यावर खटला उभा राहतो. सभागृहात खाली काळे-पांढरे लोक, वर सज्जात रंगीत. १९६२ चा ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ज्यांनी पाहिलाय त्यांना तो सज्जा लगेच ओळखू येतो.

रॉस यांना हा विषय घरातून आलेला होता. त्यांचे वडील आर्थर रॉस हेही पटकथाकार, आणि मॅकार्थी काळात, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून, हॉलिवुडमध्ये ज्यांची नावं काळ्या यादीत गेली त्यांतले एक.

पण इथे माझी एक गंभीर तक्रार आहे. वंशभेदाचा शब्द घेतला, पाटी घेतली, सज्जा घेतला; गावात एकही काळा माणूस नाही. ज्यांनी ते खरोखर सोसलं त्यांच्या जखमेची आकृती उसनी घेतली आणि तिच्यात सगळी गोरी माणसं बसवली. शिवाय इथला राखाडी माणूस उद्या रंगू शकतो. ज्याला कातडीवरून हाकललं जायचं त्याला असा मार्ग नव्हता. वैयक्तिक बदलासाठी ही उपमा चपखल बसते, इतिहासासाठी तोकडी पडते. हे मान्य करूनही मी हा सिनेमा दाखवतो, आणि हे सांगूनच दाखवतो.

८. रागाचाही रंग

खटल्यात डेव्हिड भाषण ठोकत नाही. तो वडिलांकडे, जॉर्जकडे (विल्यम एच. मेसी) वळतो. जॉर्ज बिचारा रोजच्यासारखा घरी आला होता, हाक मारली होती, आणि जेवण नव्हतं, बायको नव्हती. डेव्हिड त्याला बेटीची आठवण करून देतो: ती तुला आज किती सुंदर दिसते. जॉर्जच्या डोळ्यांत पाणी येतं आणि त्याला रंग चढतो. मग डेव्हिड महापौराला डिवचतो, डिवचत राहतो. बिग बॉब संतापानं फुटतो, आणि त्याच क्षणी तोही रंगीत! ज्याला रंग नको होता त्याचा रागसुद्धा आतलाच. जे. टी. वॉल्श यांची ही भूमिका. चित्रपट लागण्याआधीच, १९९८ च्या फेब्रुवारीत ते गेले, आणि चित्रपट त्यांना अर्पण केलेला आहे.

दार उघडतं तर सगळं गाव रंगीत. मुख्य रस्ता आता दुसऱ्या गावांना जातो. जेनिफर बसमध्ये बसून कॉलेजला निघते, ती परत येत नाही. डेव्हिड परततो.

घरी त्याची खरी आई स्वयंपाकघरात रडत बसलेली असते. वयाच्या चाळिशीत हे असं व्हायला नको होतं, म्हणते. योग्य घर, योग्य गाडी, योग्य आयुष्य, सगळं होतं की आपल्याकडे. डेव्हिड सांगतो, योग्य घर नसतं, योग्य गाडीही नसते. डोळ्यांतलं काजळ ओघळून तिचा चेहरा माखलेला आहे. तो तिच्यासमोर बसतो, हलू नकोस म्हणतो, आणि हलक्या हातानं तो काळा रंग पुसायला लागतो.